गर्भारपणातील संप्रेरके आणि बाळाची जडणघडण

गर्भधारणा ते प्रसूती हा प्रवास साधारणपणे 280 दिवसांचा मानला जातो. एका पेशीपासून सुमारे तीन किलो वजनाचे, श्वास घेणारे, रडणारे बाळ या काळात घडते. या घडणीचा आराखडा जनुकांमध्ये असतो. परंतु कोणते काम केव्हा सुरू करायचे, किती करायचे आणि केव्हा थांबवायचे, हे निरोप पोहोचविण्याचे कार्य प्रामुख्याने संप्रेरके म्हणजेच हॉर्मोन्स करतात. ग्रंथींमधून थेट रक्तात मिसळणारी ही रसायने अत्यल्प प्रमाणात असूनही दूरच्या अवयवांवर परिणाम घडवितात.

गरोदरपणात स्त्रीच्या शरीरातील संप्रेरके बदलतात, हे सर्वश्रुत आहे. उलट्या, बद्धकोष्ठता, चेहऱ्यावरचे वांग, मनाची चलबिचल या तक्रारींचे खापर त्यांच्यावर फोडले जाते आणि त्यात बरेच तथ्यही आहे. मात्र हे बदल गर्भासाठी का आवश्यक असतात आणि त्यांत बिघाड झाल्यास त्याच्या वाढीवर काय परिणाम होतो, याची माहिती अनेक कुटुंबांना नसते. गर्भारपणातील काही तपासण्या ठरावीक आठवड्यांतच का करायच्या, याचे उत्तरही या माहितीत दडलेले आहे. (या लेखातील आठवडे, डॉक्टर मोजतात त्याप्रमाणे, शेवटच्या मासिक पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजले आहेत.)

पहिला निरोप गर्भाचा

बीजांड फलित झाल्यानंतर साधारण सहा ते दहा दिवसांत गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजतो. त्याच्या बाह्य थरातून पुढे वार तयार होते. हाच थर एचसीजी नावाचे संप्रेरक आईच्या रक्तात सोडू लागतो. त्या वेळी आईच्या शरीरात पुढील मासिक पाळीची तयारी सुरू झालेली असते. बीजांड बाहेर पडल्यावर अंडाशयात उरलेला पीतपिंड दोन आठवड्यांत सुकून जाणार असतो आणि तो सुकला, की अस्तर गळून पडते. एचसीजी या पीतपिंडाला जगवते व त्याच्याकडून प्रोजेस्टेरॉनचा पुरवठा सुरू ठेवते. आईला दिवस गेल्याची चाहूल लागण्यापूर्वीच गर्भाने स्वतःच्या मुक्कामाची सोय केलेली असते.

सुरुवातीच्या आठवड्यांत एचसीजीची रक्तातील पातळी साधारणपणे दोन-तीन दिवसांत दुप्पट होत जाते. आठव्या ते अकराव्या आठवड्याच्या दरम्यान ती सर्वाधिक असते व नंतर उतरते. घरच्या घरी लघवीचे थेंब टाकून केली जाणारी चाचणी याच संप्रेरकाचा शोध घेते. बर्लिनमधील सेल्मार अॅशहाइम व बर्नहार्ड झोंडेक यांनी 1920च्या दशकाच्या अखेरीस अशी पहिली विश्वसनीय चाचणी विकसित केली. तेव्हा स्त्रीच्या लघवीचे इंजेक्शन कोवळ्या उंदरांच्या माद्यांना देऊन त्यांच्या अंडाशयातील बदल तपासावे लागत. आजची पट्टी काही मिनिटांत उत्तर देते. अकरा ते तेराव्या आठवड्यांतील 'डबल मार्कर' या रक्तचाचणीतही एचसीजीचा एक घटक मोजला जातो. डाउन सिंड्रोमसारख्या गुणसूत्रांतील दोषांची शक्यता त्यावरून अजमावता येते.

गरोदरपणातील उलट्यांचे कारण एचसीजी असावे, असे दीर्घकाळ मानले जात होते. 2023च्या अखेरीस 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने मात्र जीडीएफ-15 या दुसऱ्या संप्रेरकाकडे बोट दाखविले. हे मुख्यत्वे वारेतून येते. गर्भधारणेपूर्वी ज्या स्त्रियांच्या रक्तात ते कमी असते, त्यांना त्याची सवय नसल्याने उलट्यांचा त्रास अधिक होतो, असे आढळले. सतत उलट्या होऊन वजन घटणाऱ्या स्त्रीला 'मनाचे खेळ' म्हणून दुर्लक्षित करणे किती अन्यायाचे आहे, हे यातून स्पष्ट व्हावे.

गर्भ राखणारे प्रोजेस्टेरॉन

सातव्या ते नवव्या आठवड्यांच्या सुमारास प्रोजेस्टेरॉन तयार करण्याची जबाबदारी पीतपिंडाकडून वारेकडे जाते. दिवस भरत येईपर्यंत वार रोज सुमारे 250 मिलिग्रॅम प्रोजेस्टेरॉन निर्माण करू लागते. हे संप्रेरक गर्भाशयाचे अस्तर जाड व पोषक ठेवते आणि गर्भाशयाच्या स्नायूंना शांत ठेवून अकाली कळा येऊ देत नाही. पित्याकडून आलेल्या जनुकांमुळे अर्धा 'परका' असलेला गर्भ आईच्या प्रतिकारशक्तीने नाकारू नये, यासाठीही त्याची मदत होते. स्नायू सैल पाडण्याचा हाच गुणधर्म आतड्यांवर व जठराच्या झडपेवरही काम करतो. बद्धकोष्ठता आणि छातीतील जळजळ ही त्याची किंमत होय.

प्रोजेस्टेरॉन गर्भ राखते, म्हणून ते बाहेरून दिले की प्रत्येक गर्भपात टळेल, असा समज स्वाभाविक आहे; पण तो खरा नाही. पहिल्या तिमाहीतील बहुसंख्य गर्भपात गर्भातील गुणसूत्रांच्या दोषांमुळे होतात आणि तेथे संप्रेरकाचा इलाज चालत नाही. ब्रिटनमध्ये सुरुवातीच्या काळात रक्तस्राव झालेल्या चार हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या 'प्रिझम' चाचणीचे निष्कर्ष 2019मध्ये प्रसिद्ध झाले. सरसकट सर्वांना औषध दिल्याने निर्णायक फरक पडला नाही. मात्र ज्यांचे पूर्वी गर्भपात झाले होते व आता रक्तस्रावही होत होता, अशा स्त्रियांना लाभ दिसला. शेजारणीला चालले म्हणून आपणही घ्यावे, असे हे औषध नव्हे.

आई, वार आणि बाळ यांची भागीदारी

इस्ट्रोजेन गटातील संप्रेरके गर्भाशयाचा रक्तपुरवठा वाढवितात, स्तनांमधील दुग्धनलिका विकसित करतात आणि प्रसूतीसाठी गर्भाशयाची तयारी करतात. त्यांपैकी गरोदरपणात सर्वाधिक वाढणाऱ्या इस्ट्रिऑलची घडण विस्मयकारक आहे. वारेकडे ते तयार करण्यासाठी लागणारे सर्व विकर नसतात. आवश्यक कच्चा माल बाळाच्या मूत्रपिंडावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी तयार करतात, बाळाचे यकृत त्यावर प्रक्रिया करते आणि शेवटचा टप्पा वारेत पूर्ण होतो. गर्भ व वार हे मिळून एक घटक आहेत, ही संकल्पना 1960च्या दशकात स्टॉकहोममधील एगॉन डिक्झफालुसी यांच्या संशोधनातून दृढ झाली. सोनोग्राफीचा प्रसार होण्यापूर्वी आईच्या लघवीतील इस्ट्रिऑल मोजून पोटातील बाळाची हालहवाल जाणून घेतली जात असे, ती याच कारणाने.

याच गटाच्या इतिहासात एक धडाही आहे. डीईएस हे कृत्रिम इस्ट्रोजेन 1938मध्ये तयार झाले आणि 1940च्या दशकापासून अमेरिकेत गर्भपात टाळण्यासाठी असंख्य स्त्रियांना देण्यात आले. 1953मध्ये प्रसिद्ध झालेल्या तौलनिक चाचणीत त्याचा उपयोग होत नाही असे दिसले, तरीही वापर सुरूच राहिला. 1971मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांना तरुण मुलींमध्ये योनिमार्गाचा एक अत्यंत दुर्मीळ कर्करोग आढळला. त्यांनी नोंदविलेल्या आठ रुग्णांपैकी सात जणींच्या मातांनी गरोदरपणी डीईएस घेतले होते. त्याच वर्षी अमेरिकी औषध प्रशासनाने गरोदर स्त्रियांना हे औषध देण्याविरुद्ध इशारा दिला. गर्भावस्थेत मिळालेल्या चुकीच्या संदेशाचा परिणाम दिसायला वीस वर्षेही लागू शकतात, हे तेव्हा वैद्यकशास्त्राला कळले.

मुलगा की मुलगी?

बाळाचे लिंग फलनाच्या क्षणीच ठरते. ते पित्याच्या शुक्रपेशीत एक्स गुणसूत्र आहे की वाय, यावर अवलंबून असते. तरीही साधारण सातव्या-आठव्या आठवड्यापर्यंत दोन्ही प्रकारच्या गर्भांची जननेंद्रिये सारखीच दिसतात. वाय गुणसूत्रावरील एसआरवाय हे जनुक (त्याचा शोध 1990मध्ये लागला) वृषण घडविण्याची आज्ञा देते. वृषणातून दोन संदेश निघतात. एक संप्रेरक गर्भाशय व बीजवाहिन्या ज्यापासून बनतात त्या नलिका विरघळवून टाकते. दुसरे, टेस्टोस्टेरॉन, पुरुष जननमार्ग घडविते. टेस्टोस्टेरॉनच्या निर्मितीला सुरुवातीची चालना वारेतील एचसीजीच देते. हे संदेश नसतील, तर स्त्रीची अंतर्गत इंद्रिये घडतात. फ्रेंच शास्त्रज्ञ आल्फ्रेड जोस्ट यांनी 1940च्या दशकात सशांच्या गर्भांवर प्रयोग करून हे दाखवून दिले होते.

गर्भवतीचा चेहरा, पोटाचा आकार किंवा डोहाळे यांवरून मुलगा-मुलगी ओळखण्याच्या प्रघाताला शास्त्रीय आधार नाही. त्याहून गंभीर बाब म्हणजे 'मुलगा होण्याची' म्हणून दिली जाणारी औषधे. ती बहुधा दिवस गेल्याचे निश्चित झाल्यानंतर, म्हणजे लिंग केव्हाच ठरून गेल्यावर, नेमक्या अवयव घडण्याच्या काळात घेतली जातात. हरयाणात झालेल्या अभ्यासांत अशा काही औषधांमध्ये टेस्टोस्टेरॉन व इस्ट्रोजेनसदृश द्रव्ये सापडली आणि ती घेणे व बाळातील जन्मजात व्यंगे यांचा संबंध दिसून आला. गर्भलिंग निदानाविरुद्ध 1988मध्ये देशात सर्वप्रथम कायदा करणाऱ्या महाराष्ट्राने या पुड्यांविषयीही तितकेच जागरूक असायला हवे.

थायरॉइड: बाळाच्या मेंदूची रसद

गळ्यातील थायरॉइड, म्हणजे अवटू ग्रंथी, हिच्या संप्रेरकाशिवाय गर्भाच्या मेंदूतील पेशी योग्य जागी पोहोचत नाहीत व त्यांची जोडणी नीट होत नाही. बाळाची स्वतःची ग्रंथी बाराव्या आठवड्याच्या सुमारास काम सुरू करते. परंतु तिचे उत्पादन पुरेसे व्हायला अठरा ते वीस आठवडे उजाडतात. तोवर मेंदूच्या पायाभरणीसाठी लागणारे थायरॉक्सिन आईच्याच रक्तातून यावे लागते. म्हणून गरोदरपणात आईच्या ग्रंथीला नेहमीपेक्षा जवळपास दीडपट काम करावे लागते. तिला कामाला लावण्यात, मेंदूतून येणाऱ्या टीएसएच या संप्रेरकाशी साधर्म्य असलेल्या एचसीजीचाही हात असतो.

ज्या स्त्रीची ग्रंथी मुळातच मंद आहे, तिला हा भार पेलत नाही. अमेरिकेत 1999मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, गरोदरपणी थायरॉइडच्या कमतरतेवर उपचार न झालेल्या मातांच्या सात ते नऊ वर्षांच्या मुलांचा बुद्ध्यांक इतर मुलांपेक्षा सरासरी सात गुणांनी कमी आढळला. दुसरीकडे, अगदी सौम्य बिघाड असलेल्या स्त्रियांना तेराव्या आठवड्याच्या आसपास औषध सुरू करूनही मुलांच्या बुद्ध्यांकात फरक पडला नाही, असे 2012मधील एका ब्रिटिश चाचणीत दिसले. सौम्य बिघाडात उपचार कोणाला द्यावेत, यावर त्यामुळे मतभेद आहेत. स्पष्ट कमतरतेत मात्र ते विनाविलंब द्यावेत, याविषयी एकमत आहे.

व्यवहारात तीन गोष्टी महत्त्वाच्या ठरतात. ज्या स्त्रिया आधीपासून थायरॉक्सिनची गोळी घेत आहेत, त्यांनी दिवस गेल्याचे कळताच डॉक्टरांना भेटावे. बहुतेकींचा डोस पाव हिश्श्याने किंवा त्याहून अधिक वाढवावा लागतो. 'गरोदरपणी औषधे नकोत' म्हणून ही गोळी बंद करणे बाळासाठी घातक ठरू शकते. दुसरे, ही गोळी उपाशीपोटी घ्यावी आणि लोह व कॅल्शियमच्या गोळ्यांमध्ये व तिच्यात किमान चार तासांचे अंतर ठेवावे, अन्यथा ती नीट शोषली जात नाही. तिसरी गोष्ट आयोडीनची. थायरॉक्सिनचा हा कच्चा माल गरोदर स्त्रीला रोज 250 मायक्रोग्रॅम लागतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हिमाचलमधील कांगडा खोऱ्यात 1956पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगाने आयोडीनयुक्त मिठाने गलगंड कमी होतो हे सिद्ध केले आणि 1962मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. अलीकडे शहरी घरांत 'नैसर्गिक' म्हणून सैंधव मीठ आले आहे. त्यात आयोडीन मिसळलेले नसेल, तर गर्भवतीच्या स्वयंपाकात ते एकमेव मीठ असू नये. मीठ जास्त खावे असा याचा अर्थ नाही. जे खायचे ते आयोडीनयुक्त असावे.

साखरेचा समतोल

वार लॅक्टोजेन नावाचे एक संप्रेरक तयार करते. ते व इतर काही संप्रेरके मिळून आईच्या शरीरावरील इन्सुलिनचा प्रभाव कमी करतात. हेतू असा, की जेवणानंतर आईच्या रक्तातील साखर तिच्या स्नायूंत लगेच न जाता बाळासाठी उपलब्ध राहावी. निरोगी स्त्रीचे स्वादुपिंड दुपटीने-तिपटीने इन्सुलिन तयार करून समतोल राखते. ज्यांना हे जमत नाही, त्यांना गरोदरपणातील मधुमेह होतो.

येथे वारेची रचना निर्णायक ठरते. आईची साखर वारेतून पलीकडे जाते, परंतु तिचे इन्सुलिन जात नाही. जादा साखर आली, की बाळाचे स्वादुपिंड स्वतःच अधिक इन्सुलिन तयार करते. गर्भावस्थेत इन्सुलिन हे वाढीचे संप्रेरक असल्यामुळे बाळाच्या अंगावर चरबी साठते व ते आकाराने मोठे होते. जन्मानंतर नाळ कापताच साखरेचा पुरवठा थांबतो, इन्सुलिन मात्र शिल्लक असते. त्यामुळे पहिल्या काही तासांत बाळाची साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. हे सूत्र कोपनहेगनचे डॉ. योर्गेन पेडरसन यांनी 1950च्या दशकात मांडले.

या विषयात पुण्याचे योगदान जगन्मान्य आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी 1993पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा व त्यांच्या मुलांचा अभ्यास हाती घेतला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन 2.7 किलो, तर इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या गोऱ्या बालकांचे 3.5 किलो होते. स्नायू व पोटातील अवयव याबाबतीत आपली बाळे बरीच मागे होती. त्वचेखालील चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. पुणे व लंडन येथील बालकांच्या नाळेतील रक्ताच्या तुलनेत, वजन कमी असूनही पुण्याच्या बाळांत इन्सुलिन अधिक आढळले. 'बारीक, तरीही चरबीयुक्त' अशा या भारतीय बाळामध्ये पुढील आयुष्यातील मधुमेहाची बीजे दिसतात.

म्हणूनच भारतात प्रत्येक गर्भवतीची साखर तपासावी, असे केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. पहिल्या भेटीत आणि पुन्हा 24 ते 28 आठवड्यांच्या दरम्यान 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊन दोन तासांनी रक्त तपासले जाते. उपाशी असण्याची अट नसते. साखर 140 मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक असल्यास उपचार सुरू होतात. बहुतेकींना आहार व चालण्यानेच फरक पडतो, काहींना औषध किंवा इन्सुलिन लागते. पहिली चाचणी चांगली आली म्हणून दुसरी टाळू नये, कारण वारेचा जोर वाढतो तो उत्तरार्धातच. प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनीही चाचणी करावी. या स्त्रियांना पुढे मधुमेह होण्याचा धोका अधिक असतो.

ताणाचे संप्रेरक आणि बाळाची फुफ्फुसे

कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक म्हणून ओळखले जाते. गरोदरपणात आईच्या रक्तात त्याची पातळी वाढते. परंतु वारेतील एक विकर त्यातील बराचसा भाग निष्प्रभ करून बाळाचे रक्षण करते. एखाद्या दिवशी झालेल्या भांडणाने किंवा कचेरीतील दगदगीने बाळावर कायमचा परिणाम होईल, ही धास्ती त्यामुळे अनाठायी आहे. दीर्घकाळचे नैराश्य, घरातील छळ वा उपासमार यांची गोष्ट मात्र वेगळी. तेथे आईला खऱ्याखुऱ्या मदतीची गरज असते.

दिवस भरत आले, की बाळाच्या स्वतःच्या ग्रंथी कॉर्टिसॉल वाढवितात व त्याने फुफ्फुसे परिपक्व होतात. हवेच्या पिशव्या मिटू न देणारे वंगण त्यामुळेच तयार होते. न्यूझीलंडमधील ऑकलंडचे ग्रॅहॅम लिगिन्स यांना मेंढ्यांवरील प्रयोगांत याचा सुगावा लागला आणि 1972मध्ये त्यांनी रॉस हॉवी यांच्यासह, मुदतपूर्व प्रसूतीच्या वाटेवरील स्त्रियांना स्टेरॉइडचे इंजेक्शन दिल्यास बाळांचा श्वसनाचा त्रास कमी होतो, हे दाखविले. भारतासह पाच देशांत जागतिक आरोग्य संघटनेने केलेल्या आणि 2020मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, डेक्सामेथासोन या स्वस्त औषधाने नवजात मृत्यूंचे प्रमाण 23.5 टक्क्यांवरून 19.6 टक्क्यांवर आले. म्हणूनच सातव्या-आठव्या महिन्यात कळा आल्या किंवा पाणी गेले, तर घरी वाट पाहू नये. औषधाचा परिणाम व्हायला काही तास लागतात आणि तेच तास बाळाला जीवदान देऊ शकतात.

प्रसूती आणि त्यानंतर

प्रसूतीची घटिका जवळ येते तेव्हा प्रोजेस्टेरॉनचा गर्भाशयावरील प्रभाव ओसरतो, इस्ट्रोजेनचा वाढतो आणि ऑक्सिटोसिनला स्नायू प्रतिसाद देऊ लागतात. या संप्रेरकाची रचना शोधून ते प्रयोगशाळेत तयार केल्याबद्दल व्हिन्सेंट द्यु विन्यो यांना 1955मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव रोखून ते आजही मातांचे प्राण वाचविते.

दूध तयार करणारे प्रोलॅक्टिन गरोदरपणभर वाढत असते, पण प्रोजेस्टेरॉन त्याला अडवून धरते. वार पडली की हा अडसर दूर होतो व दोन-तीन दिवसांत दूध भरून येते. बाळाला लवकर व वारंवार पाजल्याने प्रोलॅक्टिन आणि ऑक्सिटोसिन दोन्ही स्रवतात, गर्भाशयही आकसते. वारेसोबत संप्रेरकांचा महापूर एकाएकी ओसरत असल्याने पहिल्या आठवड्यात रडू येणे, चिडचिड होणे सामान्य होय. ते दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास किंवा जगण्याची इच्छा नाहीशी होत असल्यास बाळंतिणीला तातडीने डॉक्टरांकडे न्यावे.

शेवटची तपासणी बाळाची. सुमारे हजार जन्मांमागे एका बाळाची थायरॉइड ग्रंथी जन्मतःच अकार्यक्षम असते. आईच्या संप्रेरकांचे छत्र असल्याने असे बाळ जन्मतः अगदी निरोगी दिसते. लक्षणे दिसेपर्यंत मेंदूचे नुकसान होऊ लागलेले असते. जन्मानंतर दोन-तीन दिवसांनी टाचेतून काढलेल्या रक्ताच्या काही थेंबांवर हे निदान होते आणि पहिल्या दोन आठवड्यांत रोजची एक गोळी सुरू झाल्यास मूल इतरांसारखेच वाढते. ही तपासणी आपल्याकडे सर्वत्र आपोआप होतेच असे नाही. त्यामुळे दवाखान्यातून बाळ घरी नेण्यापूर्वी पालकांनी तिच्याविषयी आवर्जून विचारावे.